धोतऱ्याची राखण

आमच्या घरातून देव छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर गेले, धोतरा मात्र राहिला. माझ्या वडिलांना दमा होता. थंडीत छाती वाजायला लागली की ते परसातल्या धोतऱ्याचं वाळलेलं पान विडीसारखं ओढायचे आणि खोकत खोकत म्हणायचे, "देव सोडता येते, दमा कुठी सोडते?" पलीकडच्या मोहल्ल्यात तोच धोतरा महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिला जायचा. आमच्याकडे औषध, त्यांच्याकडे पूजा, आणि गावातल्या टवाळ पोरांना कोणाला तरी चोरून चारून फजिती करायचं साधन. फजिती झालेली ती माणसं मी पुढे गडचिरोलीला नर्स झाल्यावर वॉर्डात पाहिली. डोळ्यांच्या बाहुल्या फाकलेल्या, जीभ कोरडीठाक, हवेतले न दिसणारे धागे वेचत बसलेली. त्यातला एक माझ्या डोळ्यांसमोर गेला. त्यामुळे धोतऱ्याला मी विषच म्हणते, आणि कोणी त्यावरून शहाणपण शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

एवढं असूनही माझ्या सख्ख्या बहिणीला मी तो घेऊ दिला.

लहानीला आम्ही मोहर्लीकडच्या जंगलालगतच्या एका गावात दिली होती. मोहफुलांच्या दिवसांत ती आणि जावई पहाटे फुलं वेचायला गेले. दोघांची झाडं वेगवेगळी, मधे नाला. जावई वाकून फुलं वेचत होते तेव्हाच वाघानं त्यांना उचललं. लहानीनं वनखात्याच्या माणसांना, पोलिसांना आणि आम्हाला एकच सांगितलं, "मी नाल्याच्या अलीकडं होती. मले काईच ऐकू आलं नाई." कोणीही विचारो, शब्द तेच.

त्यानंतर तिची झोप गेली, मग जेवण गेलं. पण मला खरी धास्ती बसली ती सासूनं फोनवर सांगितलं तेव्हा, की लहानी रोज पहाटे उठून त्याच मोहाखाली जाऊन उभी राहते. वाघ अजून त्याच भागात फिरत होता. ती तिथं कशासाठी उभी राहते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिला गडचिरोलीला आणलं, मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. भला माणूस, नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या. लहानी गोळी गालात धरायची आणि मागच्या भिंतीपाशी थुंकायची. एके दिवशी तिथं विरघळलेल्या गोळ्यांचा पांढरा राडा दिसला. मी तिला वाट्टेल तशी बोलले, आणि मग तिथंच बसून रडले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना ती बस पकडून सासरी परत गेली.

तेव्हा सासूनं पुजाऱ्याचं नाव काढलं. शेजारच्या गावचा गोंड पुजारी. मेलेलं माणूस ज्याला सोडत नाही, त्याला तो धोतरा देतो आणि मेलेल्याशी बोलणं करवतो, अशी त्याची ख्याती. ख्याती रिसॉर्टापर्यंत पोचली होती. वाघ बघायला आलेले पाहुणे ड्रायव्हरला त्याचा पत्ता विचारायचे. हल्ली मोबाईलवर सगळे बघतात ना, की परदेशात मोठ्या दवाखान्यांत मशरूममधलं औषध देऊन दुःखात रुतलेल्या माणसांवर उपचार करून पाहतात. ते मीही वाचलं होतं. पण तिथं तोलूनमापून दिलेलं औषध असतं, शेजारी शिकवून तयार केलेलं माणूस बसलेलं असतं. इथं कोंबड्या फिरत असलेलं अंगण होतं, आणि औषध म्हणायचं तर सगळ्यांत घातकी झाड. पुजारीबुवांनी मला आधी पाहुण्यांबरोबरचे फोटो दाखवले. मी विचारलं, "किती द्याचं हे कसं ठरवता?"

"हाताले समजते, बाई."

"मंग हातच तपासून पाहू का?" मी म्हटलं. तो हसला. मला अजिबात हसू आलं नव्हतं.

होकार मी का दिला? वाघ की धोतरा, एवढंच माझ्यासमोर उरलं होतं. मी पुजाऱ्याच्या घरासमोर गाडी उभी करून ठेवली, पिशवीत सलाईन आणि बीपीचं मशीन घेतलं. त्यानं काय कसं दिलं ते मी इथं लिहिणार नाही. त्यानं मला मात्र एक काम लावून दिलं, आणि ते सांगताना त्याचा सगळा दिमाख उतरला होता. त्याला ते राखण म्हणतात.

"सख्ख्या माणसानंच बसाचं," तो म्हणाला. "ती ज्याच्याशी बोलन, तो इथी नाई असं म्हणाचं नाई. अन् दुसऱ्या दिवशी, तिनं तोंडात घास घ्याच्या आंधी, ती जे जे बोलली ते सारं तिले सांगाचं. धोतरा बोलाले लावते, पन बोलनं सोताजवळ ठेवून घेते. राखनदारानं वापस देलं नाई तर मानूस तिथीच अडकते. आपल्या मनचं घालाचं नाई, गाळाचं नाई."

सकाळी सकाळी, उजेड पाहून, त्यानं तिला दिलं. थोड्या वेळानं तिचं अंग तापलं, कातडी कोरडी पडली, नाडी माझ्या बोटांखाली धावायला लागली. मी घाबरले होते. गाडीवाल्याला दोनदा हाक मारली आणि दोनदा थांब म्हटलं. लहानी मला ओळखेना. मी वनखात्याची माणूस आहे असं समजून ती मला म्हणत होती, "मले काईच ऐकू आलं नाई, साहेब." मग खुराड्याच्या बाजूला तिची नजर गेली आणि चेहरा एकदम मोकळा झाला.

"बसा न जी," ती म्हणाली आणि चटईवर सरकली.

ती जावयांशी बोलायला लागली. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. छपराची वळचणीकडची कवेलू फुटली, आता कोण फेरून बसवणार. सासूबाईचा गुडघा. मधेच ती हसली. ते हसू मी लग्नाच्या मांडवानंतर पहिल्यांदा ऐकलं. एकदा तर त्यांना जागा व्हावी म्हणून मीच पाय जवळ घेतले, आणि लक्षात आल्यावर पुन्हा लांब केले.

मग तिचा आवाज खाली आला.

"तुमची हाक मीनं ऐकली होती जी. दोन डाव मारली तुमी. मी पळाली. तुमच्याकडं नाई, घराकडं पळाली."

 आणि ती ऐकायला लागली. मान किंचित वाकडी करून, समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत. बराच वेळ. मग तिनं विचारलं, "खरंच?" पुन्हा ऐकलं. मान हलवली. पदरात तोंड घालून रडली, आणि दुपारी कधीतरी माझ्या मांडीवर तिचा डोळा लागला. संध्याकाळपर्यंत नाडी उतरली, तेव्हा तिला गाडीत घालून सासरी आणलं. पुजारी तोवर दाराशी उभा राहून मोबाईलवर कोणाशी तरी चिमूरच्या बैलबाजाराच्या गोष्टी करत होता. त्याला मी काय काय बोलले ते आता सांगत नाही.

सकाळी लहानी उठली ती उजेडानं डोळे मिचकावत. तिला काहीही आठवत नव्हतं. सासूनं भाताचं ताट समोर ठेवलं, तिनं ते बाजूला सारलं आणि माझ्यापुढे येऊन बसली. मी सांगायला लागले. शेळी सांगितली, कवेलू सांगितली, गुडघा सांगितला. हाकेपाशी माझी जीभ अडली. वॉर्डात आम्ही नातेवाइकांना खरं थोडं थोडं करून सांगतो, कधी सांगतच नाही. सवयच ती. सासूही जवळ होती. मी म्हटलं, "मंग तू झोपली."

"एवढंच?"

"एवढंच."

"शेळीचं सांगाले मी धोतरा पेली का, बाई?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मले त्यायच्याशी एकच गोष्ट बोलाची होती. तू गाळून राह्यली."

मी सासूकडे पाहिलं. ती म्हातारी उठून आत गेली. तिला कळलं असावं, नाहीतर आधीपासूनच ठाऊक असावं. मग मी सांगितलं. हाक, दोनदा मारलेली. पळणं, घराकडे. लहानीनं दुसऱ्या कोणाची बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं. तिच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालेलं मला दिसलं, आणि मला वाटलं, झालं, सुटली.

तिनं विचारलं, "मंग ते काय म्हणाले?"

 तिनं ऐकलं होतं, मी नव्हतं. ते बोलणं एकट्या तिच्या कानात पडलं होतं आणि तिच्याच डोक्यातून पुसलं गेलं होतं. 'माफ केलं' एवढं म्हणणं माझ्या तोंडाशी होतं. ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

"ते तुलेच ऐकू आलं, लहाने," मी म्हटलं. "तू 'खरंच?' म्हणाली. अन् मान हलवली."

"कशी हलवली?"

मी तशी मान हलवून दाखवली. तिनं पुन्हा दाखवायला लावलं.

आता ती जेवते. झोपते. गोळ्या गिळते, मोहाखाली जात नाही. डॉक्टर म्हणतात, सुधारणा चांगली आहे, आणि ते खरंच आहे. मी गेले की मात्र चहा झाल्यावर ती हळूच विचारते, "मले अजून एक डाव कधी देशीन?" पुजारीसुद्धा म्हणतो, दुसऱ्यांदा दिलं तर माणूस परत येत नाही. मी नाही म्हणते, दरवेळी चिडूनच म्हणते. ती वाद घालत नाही, कप उचलून आत जाते. चिडते ते तिच्यावर नाही. जावई काय म्हणाले ते मलाही ऐकायचं आहे.