सव्वा तासाचं विमान

शिर्डी ते हैदराबाद विमानाला सव्वा तास लागतो. मी आत नसलो तरी तेवढाच लागतो, हे मला भाचीच्या लग्नात कळलं.

पल्लवीचं लग्न हैदराबादला, गोरज मुहूर्तावर. सख्खा मामा मी एकच. नवरीला बोहल्यावर मामानंच आणायचं! पल्लवीनं फोनवर बजावलं होतं, "मामा, तू आल्याशिवाय मी खोलीतून हलणार नाही."

माझा चुलतभाऊ बापू म्हणाला, "दादा, आदल्या रात्री माझ्यासंग बसनं चल."

मी मोबाईलवर त्याला दोन विमानतळांमधलं अंतर दाखवलं. "तू बस रात्रभर पाय दुमडून! मी सव्वा तासात येतो. सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडायची न्हाई!"

अंतर अगदी बरोबर होतं. फक्त शेवगाव ते शिर्डीचं विमानतळ या रस्त्यावर आमचे पाहुणे किती राहतात, ते मोबाईलला ठाऊक नव्हतं. (त्यात मीच भावकीच्या ग्रुपवर टाकलेलं, 'उद्या विमानाने प्रस्थान'. खाली जोडलेले हात!)

नेवाशात तात्या, म्हणजे माझे चुलते, शाल-नारळ घेऊन भर रस्त्यात उभे. "आपल्या भावकीतला पहिला माणूस इमानात बसतोय!"

"तात्या, उशीर होतोय हो," गाडीतून आमची मंडळी.

"सूनबाई, दारावरनं बिगरचहाचं जाता? आमी मेलो का?"

चहा झाला. श्रीरामपुरात तर साडूनं फ्लेक्सच लावलेला! माझा फोटो अन् मागं विमान. (ते थेट माझ्या कानातून निघालेलं दिसत होतं.) साडू म्हणाले, "दोन शब्द बोला."

बायकोनं माझा सदरा ओढला. पण समोर माणसं, गळ्यात हार, खांद्यावर दुसरी शाल! मी 'अंतर आणि वेळ' या विषयावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आणखी बोललो. राहात्याला मावसबहिणीकडं हिची ओटी भरली, माझी तिसरी शाल झाली, आणि आम्ही विमानतळावर पोचलो.

"काउंटर बंद झालं, सर."

"अहो बाई, मी नवरीचा मामा!"

"विमान मामासाठी थांबत नाही, सर."

"शाली दाखवा की त्यांना!" बायको म्हणाली.

आम्ही बाहेर आलो तेवढ्यात विमान डोक्यावरून गेलं. ऐन उन्हात तीन शाली सांभाळत मी बघत राहिलो.

मुहूर्ताला बापूचा फोन. "दादा, पोरगी खोलीतनं हलंना! रडती लई."

मी म्हटलं, "फोन दे तिला. पल्लवी, बापूचा हात धर बाळा. तोही मामाच हाय. मी आपला नुसता सत्कारमूर्ती!"

अक्षता पडल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला. डोळे सुजलेले, पण ओठांवर हसू. मी विमानतळाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसलेला, मांडीवर नारळ.

"मामा, कसं होतं रे विमान?"

"खालून लई छान दिसतं, बाळा!"