दसऱ्याच्या पाटावरचा बोर्ड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर लिहायची वेळच फारशी आली नाही. हे कुणी वाचणार नाही, तरी लाज वाटते. माफ करावं.

आम्ही वाकोल्याला राहतो. मुलगी अंधेरीच्या एका कंपनीत होती. मी भाकऱ्या भाजताना तिनेच मला काम समजावलं होतं. कॉम्प्युटरच्या सिस्टीमला चोरांपासून कुलपं लावतात. पण प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, निरनिराळ्या जातींचे. एकावर लागलेलं कुलूप दुसऱ्यावर लागेलच असं नाही. म्हणून ती प्रत्येकावर स्वतः चोर होऊन बघायची. घरी तिने तीन जातींच्या प्रोसेसरचे तीन उघडे बोर्ड आणले होते. दोन बोर्डांवर कुलपं टिकली, तिसऱ्यावर एक उघडंच राहत होतं. तसा बोर्ड कंपनीकडे एकच होता. तिने ऑफिसात तशी तक्रार केली. साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाला सगळं पक्कं सांगून बसलोय. सुट्टीनंतर माझ्यासमोर करून दाखव."

सुट्टी दसऱ्याची. आमचे हे रिक्षा चालवतात. दर दसऱ्याला रिक्षाचे नट खोलायचे पाने, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून पूजतात. मुलगी आंघोळीला गेली तेव्हा ह्यांनी बोर्डही पाटावर घेतले. तिसरा चालूच होता, वायरीसकट उचलला.

"तिला विचारा तरी," मी म्हटलं.

"इचारूचा काय तेच्यात? तिचां हत्यार ता."

हळद-कुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं. बोर्डावरचा दिवा लुकलुकला आणि गेला.

"वाट लागली, बाबा," म्हणत ती आधी हसली. मग ओल्या केसांनी तशीच बसून राहिली.

ऑफिसात कुणी म्हणालं, "पुरावा देवाला वाहिला वाटतं!" तिची तक्रार रद्द झाली, सिस्टीम पास झाली, आणि तिला घरी बसवलं. आम्ही दोघं साहेबांना भेटलो. ह्यांनी हात जोडले.

साहेब म्हणाले, "काका, बोर्डाची किंमत भरा, विषय संपवा. मुलगी खोटं बोलली, ते मी कुठे लिहीत नाही."

ती खोटं बोलली नव्हती. पण दाखवणार कशावर?

नवीन ठिकाणी नोकरी का सोडली विचारतात. ती खरं सांगते, ते हसतात. आता ती जातच नाही. बापाशी कामापुरतं बोलते. ते उघडं कुलूप कुणाकुणाच्या घरात गेलं असेल, देव जाणे. यंदा पाट मांडला नाही.

काल ह्यांनी बोर्डाच्या किमतीचा शेवटचा हप्ता भरला, पावती तिच्यापुढे धरली. "फिटले गो सगळे."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून झोपली.

पैसे पूर्ण फिटले.