काळ्या पडद्यावरचं पिशोर

मी निघालो तेव्हा माय रडली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवर गाडी लागली होती, माझ्या दोन्ही बॅगा अन्वरनं वर चढवल्या होत्या, आणि माय खिडकीशी उभी राहून माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलत होती. "येत जा रे बाबा पिशोरला, घरी. हा गेला म्हणून तू तोंड दाखवायचं सोडू नको." अण्णांचा हात त्याच्या खांद्यावर होता. गाडी हलली तेव्हा प्लॅटफॉर्मवर तिघं उभे होते. कुणी अनोळखी माणसानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, आईबाप आणि त्यांचा मुलगा कुणाला तरी पोचवायला आलेत.

म्युनिकला पोहोचेपर्यंत मी बाकी बरंच विसरलो, ते चित्र नाही.

अन्वर चितेगावचा. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो, पुढं शहरातल्या पुंडलिकनगरात एका खोलीत तीन वर्षं राहिलो. बाहेरच्या नोकरीसाठी दोघांनीही अर्ज केले. माझं झालं, त्याचं नाही. तो चितेगावच्याच एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायला लागला आणि आमची खोली त्यानं तशीच ठेवली. जळायचा हक्क खरं तर त्याचा होता.

आम्हा पंचवीसेक मित्रांसाठी त्यानं खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक छोटं सोशल नेटवर्क उभं केलं होतं. त्याच्या लॅपटॉपला ब्राउझर झेपायचा नाही, म्हणून तो सगळं कमांड लाइनवरून करायचा. मलाही त्यानंच शिकवलं. टर्मिनलचा काळा पडदा, एक छोटी कमांड, एंटर, की मित्रांनी लिहिलेलं ओळीनं खाली उतरतं. दुसरी कमांड, पुढं आपलं वाक्य, एंटर, की आपलं सगळ्यांना जातं. फोटो मात्र दिसत नाहीत. त्यांच्या जागी, टाकणाऱ्यानं लिहिलेलं वर्णन तेवढं येतं.

"चित्रं नक्को यार," अन्वर म्हणायचा. "लिहिलेलं वाच. लिहिताना माणूस जरा तरी विचार करतो."

म्युनिकच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सँडविच खात टर्मिनल उघडायचो. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटायचं, काय कामसू माणूस आहे. मी लिहायचो: इथं ट्राम मिनिटावर येते, पण आत कुणी कुणाशी बोलत नाही. किंवा: ज्वारीचं पीठ मिळालं, भाकरी थापली, तिचा नकाशा झाला. आणि अन्वर लिहायचा पिशोरबद्दल. दर रविवारी तो मोटारसायकलवर आमच्या घरी जायचा.

"फोटो: माय चुलीपुढं. मला तिसरी भाकरी वाढतेय. मी नाय म्हणतोय, ती ऐकत नाय."

"फोटो: अण्णा मक्यात उभे. डोक्यावरची टोपी माझी."

ते वाचलं की हातातलं सँडविच खाली ठेवावंसं वाटायचं. फोनवर मी मायला विचारायचो, जेवायला काय केलं? ती म्हणायची, "काय नाय रे, साधंच." त्याच दिवशी अन्वरच्या ओळीत सणावाराची येसरची आमटी असायची. आधी तो तिला मावशी म्हणायचा. त्या ओळींत कधीतरी मावशीची माय झाली. नेमकी कोणत्या दिवशी झाली, ते मी जुन्या पोस्टी उपसून शोधून काढलं. असा मी जळत होतो. ब्राउझर उघडून ते फोटो बघता आले असते. एकदाही बघितले नाहीत. शब्दांतच नको तेवढं दिसत होतं.

मग एका मंगळवारी ही ओळ उतरली: "फोटो: अण्णांच्या डोळ्याची पट्टी आज काढली. मोतीबिंदू गेला. डोळा उघडून पहिलं काय म्हणले, तर अन्वर, तू तर लई काळा झालास."

ऑपरेशन होतं हेच मला माहीत नव्हतं. चार दिवस अण्णा आणि माय पुंडलिकनगरच्या खोलीत होते. अण्णा माझ्याच खाटेवर झोपत होते. मायनं अन्वरला बजावलं होतं, दत्तूला आधी सांगू नको, तिकडं जिवाला घोर लावून घेईल. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की माझ्या बापानं नव्या डोळ्यानं पहिलं त्याला बघितलं.

मी फोन केला नाही. टर्मिनलवर लिहिलं: "माझ्या आईबापाला तुझे म्हणून मिरवणं बंद कर. तुझं इकडं यायचं झालं नाही, म्हणून माझं घर घेतलंस का?"

हे फक्त त्याला पाठवायचं होतं. त्यासाठी कमांडमध्ये एक जास्तीचा शब्द घालावा लागतो. रागात तो राहिला. एंटर दाबलं आणि वाक्य सगळ्यांना गेलं. दहा मिनिटांनी ध्यानात आलं, पुसून टाकलं. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. एकानं नुसतं "दत्ता?" एवढंच लिहिलं होतं.

अन्वर काहीच बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढचे तीन आठवडे नाही. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, कटकट गेली. पण रोज सुट्टीत कमांड मारायचो, बाकीच्यांच्या ओळी उतरायच्या आणि पिशोर काही यायचं नाही.

चौथ्या आठवड्यात मायचा फोन आला. "अन्वर का येईना रे? तू काय म्हणलास का त्याला?"

"मी काय म्हणणार?"

"मग आता तुझं कोण वाचून दाखवणार?"

"माझं काय?"

"तू लिहितोस ते! अण्णांना दिसत नव्हतं, मला कुठं वाचता येतंय. दर रविवारी अन्वरच वाचायचा. ते ट्रामचं तर अण्णांनी तीनदा वाचायला लावलं. पट्टी निघाली त्या दिवशी अण्णा म्हणले, आण, आज दत्तूचं मीच वाचतो. ह्यानं मोबाइल काढला, बघत बसला. मग म्हणला, आज त्यानं काय लिहिलं नाय अण्णा. मोबाइल खिशात घातला अन् उठून गेला. जेवलाबी नाय."

मी "हं" म्हणालो आणि फोन ठेवला. मग टर्मिनल उघडलं. या वेळी तो जास्तीचा शब्द जाणूनबुजून घातला नाही. "अन्वर, मी जळत होतो. चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. रविवारी घरी जा."

सोमवारी ओळ उतरली: "फोटो: अण्णा नवा चष्मा लावून ओट्यावर. माझा मोबाइल दोन्ही हातांनी धरलाय, ओठ हलतायत. ट्रामचं स्वतः वाचतायत." आणि खाली, फक्त माझ्यासाठी: "माफीची पोस्ट काढून टाक. अण्णा आता पार खालपर्यंत वाचत जातात, त्यांना कळंल. अन् जळत मी पण होतो यार, तू गेलास तेव्हापासून. तुझी एक एक ओळ वाचून दाखवताना. कायको खोटं बोलू?"

मी ती पोस्ट काढली. म्हणून माफी आता इथं लिहून ठेवतोय, मागं राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. जळणं थांबलं, असं मात्र लिहिणार नाही.

गेल्या दिवाळीत पिशोरला गेलो. जेवायला बसलो तर मायनं मला पाट दिला, ठेवणीतलं ताट दिलं, आणि अन्वरला म्हणाली, "ऊठ, तुझं तू घे." त्या चार शब्दांचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा कधी कशाचा वाटला नसेल. मी उठलो. ताट मायच्या हातात परत दिलं, फडताळातून रोजचं काढलं आणि चुलीपाशी बसून माझं मी वाढून घेऊ लागलो. मायनं ते ताट परत ठेवणीत ठेवलं.

"सांडू नको," ती म्हणाली.