करंगळीखालची गाठ

२१ जानेवारी १९९६, रविवार, पेणचं आमचं घर. रक्कम सातशे एक्कावन्न रुपये. हजर: रोह्याचे काका-काकी, माझी आई, मी आणि बारा दिवसांची मुलगी मांडीवर घेतलेली माझी बायको.

मुलीच्या दोन्ही हातांना करंगळीशेजारी सहावं बोट होतं. काकांनी निकाल दिला, दिवाळीतल्या ग्रहणात सूनबाई विळीवर बसली, त्याचं हे फळ. ती बसली होती, हे खरं. माझ्या डब्याची भाजी चिरायला. सगळ्यांसमोर पाया पडून तिला माफी मागावी लागली. शांतीचे पैसे मी काकांच्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांच्या करंगळीखाली मसुराएवढी गाठ दिसली. त्या महिन्यात आळीतल्या कुणीही बायकोला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

फेब्रुवारीत पेणच्या डॉक्टरांनी कागदावर आठवडे मांडून दिले. गर्भाचा हात चौथ्या आठवड्यात कोंबासारखा फुटतो, आठव्यापर्यंत बोटं वेगळी होतात. मी उलटं मोजलं. बोटं जूनमध्येच झाली होती. ग्रहण ऑक्टोबरात, सातव्या महिन्यात. असं बोट पुष्कळदा घराण्यातून येतं, एखाद्या पिढीत दडूनही राहतं, असं सांगून त्यांनी विचारलं, घरात कुणाच्या करंगळीखाली गाठ आहे का?

मी काकांना काहीच कळवलं नाही. बारसं मार्चात ठेवलं आणि आळीतल्या त्याच बायकांना मुद्दाम बोलावलं. जेवणं झाल्यावर काकांचा उजवा हात धरला.

"काका, ही गाठ कसली?"

"लहानपणचा फोड."

काकी पान लावत होत्या. "फोड कुठला? सासूबाय सांगायच्या, सुइणीनं केसानं आवळून बोट पाडलं. सहा होती यांना." मग हसून म्हणाल्या, "तेव्हा कुठलं ग्रहण होतं, इचारा."

बायका हसल्या. मी डॉक्टरांचा कागद महिन्यांसकट वाचून दाखवला. काका म्हणाले, झालं गेलं सोड. हात मी सोडला नव्हता.

"ज्या हातानं घेतलेत, त्याच हातानं तिला द्या."

मला बरं वाटलं, हे लपवत नाही. जानेवारीत गप्प बसलो होतो, त्याचंही थोडं त्यात होतं. माफी त्यांनी मागितली नाही. ती बाकी मी आजही धरतो. पैसे मात्र तिथेच दिले. पाचशे स्वतःच्या खिशातले, दोनशे एक्कावन्न काकींच्या बटव्यातले, सगळे माझ्या बायकोच्या हातात.