वाळूत एकट्या गाडीनं जायचं नसतं

क्लबच्या टी-शर्टांचा रंग ठरवायला दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी कांदेपोहे मी केले, त्यामुळे चांगलं लक्षात आहे. अर्धे म्हणत भगवा, अर्धे म्हणत काळा, कारण काळ्यावर डाग दिसत नाहीत. निघायची तारीख अजून ठरायची होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

क्लब आमच्या ह्यांनीच काढलेला. परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला, खाली पार्किंग मिळालं, आणि निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक जुनी जीप आणली, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली. चिखल, दगड, वाळू, तिला काहीच अडवत नाही, असं हे सांगायचे. लालबागच्या सिग्नलला मात्र ती इतरांसारखीच उभी राहायची. मी तिला सवत म्हणायचे, आणि ते निव्वळ थट्टेत नव्हतं. दर रविवारी तिला आंघोळ घालायला ह्यांना वेळ असायचा. पुढे दादर-लालबागचे तसलेच आणखी हौशी जमले आणि क्लब झाला. सगळ्यांचा पिंड गणपती मंडळाचा, त्यामुळे गाड्या राहिल्या बाजूला, आधी अध्यक्ष आला, कार्याध्यक्ष आला, सल्लागार आले.

मग ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तोही उशिरा कळला. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही, काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या म्हणाले. रस्त्यावर गाडी चालवणं त्याच दिवशी बंद झालं.  घरी येताना टॅक्सीत हे म्हणाले, "मला एकदा पुळणीवर चालवायचीय."

पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. कोकणात ह्यांच्या आजोळी एका बागायतदाराच्या नारळीपलीकडे वाळूच्या टेकड्याच आहेत, त्याच्याच मालकीच्या. लहानपणी पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळून पडलेल्या झापाच्या रुंद देठावर, बसून हे त्यांवरून घसरायचे. "तिथं माणूस आडवा येत नाही की खांब," हे म्हणाले. "शेजारी कुणी बसलं म्हणजे झालं. एकदा वर जाऊन खाली आलो की चावी तुझ्या हातात देतो, मग परत नाव नाही काढणार."

मी म्हटलं, "मग उद्याच जाऊ की. तिथवर चालवायला कुणीतरी घेऊ."

"अगं, वाळूत एकट्या गाडीनं जायचं नसतं. रुतली तर ओढून काढायला दुसरी लागते."

हा त्यांच्यातला पहिला नियम. क्लब असतो तो ह्यासाठीच, असं त्यांना मनापासून वाटायचं. मला तेव्हाच राग यायला हवा होता. नियमाचा नव्हे, ह्यांच्या भाबडेपणाचा.

पुढच्याच सभेत ह्यांनी सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. बागायतदाराला फोन करून त्याची परवानगीसुद्धा काढली. अध्यक्ष ह्यांच्याहून बराच लहान. ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, टेन्शन नाय घ्यायचं. ही ट्रिप तुमच्यासाठीच. टेकडीवर पहिली गाडी तुमची." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

त्यानंतर नमनालाच घडाभर तेल गेलं. टी-शर्ट झाले तर बॅनर आला. बॅनरवर कुणाचा फोटो केवढा, ह्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. मग झेंडा दाखवायला प्रमुख पाहुणा पाहिजे, आणि पाहुण्याला सवड नाही. तोवर गणपती आले, आणि आमच्या भागात गणपतीत दुसऱ्या कशाचं नाव काढायची सोय नसते. गणपती गेले तर पितृपक्ष. "पितृपक्षात कशाला, काकू," अध्यक्ष म्हणाला, "उगाच रिस्क." नवरात्रात कुणाचे उपवास होते. दिवाळीत सगळ्यांच्या बायका आडव्या आल्या म्हणे, बायकांना कुणी विचारलं होतं की नाही देव जाणे.

इकडे हे बशी समजून टेबलावरच चमचा ठेवू लागले. कडेचं काहीच दिसेना, म्हणून सभेत जो बोलेल त्याच्याकडे अख्खी मान वळवायचे. ज्याच्यासाठी सभा, तो असा चाचपडत बसलाय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. एकदा अध्यक्षाला मी स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "अरे, काहीतरी तारीख धर. त्यांच्यापाशी वेळ नाही."

"काकू, कमिटीला धरून चालावं लागतं," असं म्हणून तो शिऱ्याची बशी घेऊन बाहेर गेला.

दिवाळीनंतर एकदाची तारीख ठरली. त्याच सभेत अध्यक्षाने घसा साफ केला आणि विचारलं, "काकांना स्टिअरिंगवर बसवायचं, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"  इतके महिने माझ्या घरी खाल्लं, पण त्या तोंडांतून एक शब्द फुटला नाही. कुणीतरी म्हणालं, "शेजारच्या सीटवर बसून या ना, काका." हे म्हणाले, "नको. मला गाडी लागते." ह्यांना जन्मात कधी गाडी लागलेली नाही. मग कुणाला तरी सुचलं, आपण काकांचा सत्कार करू. टी-शर्टांना दोन रविवार लागले होते, हा ठराव चहा निवायच्या आत मंजूर झाला.

दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये सत्कार झाला. आमच्याकडे माणसाला बाजूला करायचं तर धक्का मारत नाहीत, शाल देतात. शाल, श्रीफळ आणि लाकडी ठोकळ्यावर बसवलेलं पितळी स्टिअरिंग दिलं. भाषणं चालू होती आणि हे ते स्टिअरिंग बोटांनी चाचपत होते. मी हात धरून व्यासपीठावरून खाली उतरवलं तेव्हा हळूच म्हणाले, "फिरत नाय हे." मला ते मानचिन्ह तिथंच कुणाच्या तरी डोक्यात घालावंसं वाटलं. मी ते पिशवीत घातलं आणि हसून सगळ्यांना नमस्कार केला.

आणि मग क्लबातले सगळे ट्रिपला गेले. ह्यांच्या आजोळी, ह्यांनी काढलेल्या परवानगीवर. आयत्या बिळावर नागोबा. तोवर ह्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. रविवारी जेवणानंतर ह्यांच्या फोनवर व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं, "मिस यू काका."

"त्यांचाच ना?" ह्यांनी विचारलं. "लाव."

मी लावला. ऊन लख्ख होतं. काळे टी-शर्ट घातलेले सगळे एका बाजूला उभे राहून ओरडत होते आणि अध्यक्षाची गाडी लोण्यातून सुरी जावी तशी टेकडी चढत होती. माथ्यावर जरा थांबली आणि सरळ खाली आली. हे फोनच्या दिशेनं वाकून ऐकत होते.

"काय झालं? गेला वर?"

"रुतला," मी म्हटलं.

"रुतला? मग हे ओरडतायत कशाला?"

"ढकलतायत."

"ढकलून काय होतंय? ओढायला दुसरी गाडी नाय लावली?"

"लावली. तीही रुतली."

हे हसायला लागले. डॉक्टरकडून आल्यापासून असे हसले नव्हते, खांदे हलेपर्यंत. "टायरातली हवा कमी केली नसणार. मी असतो तर आधी हवा काढायला लावली असती," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही नव्हतात ना."

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला. पडद्यावर अध्यक्षाची गाडी पुन्हा झपकन वर गेली, खाली आली, सगळ्यांनी हात उंचावले.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"अजून तिथंच आहे," मी म्हटलं.