ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

ब्रेकमास्तर मोटरसायकलवर बसून एकटेच समुद्रकाठच्या रस्त्यानं दक्षिणेला निघाले, तेव्हा गल्लीत कुणाचा विश्वास बसला नाही. मास्तरांना एकट्यानं गाडी चालवताना कुणी पाहिलंच नव्हतं. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. तिथल्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन-दोन असतात, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी शिकवणाऱ्याच्या. शिकणारा उजवीकडे बसून स्टिअरिंगशी झटापट करतो आणि मास्तर डावीकडे बसून गाव वाचवतात. उभी हयात त्यांनी त्या डाव्या सीटवर काढली. अर्ध्या गावाला आपण गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्या पहिल्या अर्ध्यापासून वाचवलं, असं ते सांगायचे. सांगताना हसायचे मात्र नाहीत.

त्यांचं सगळं कसब उजव्या पायात होतं. तो पाय घरी आला तरी कामावरच असायचा. बायको कपात चहा ओतायला लागली आणि कप काठोकाठ भरत आला, की टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबला जायचा. बायकोला ते न बघता कळायचं. "थांबले हो मी," ती म्हणायची आणि किटली बाजूला ठेवायची. बसनं कुठे जायची तर सोयच नव्हती. मागे एकदा बसनं गेले, तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाई दोनदा मागे वळून "काय हो, काय चाललंय?" असं विचारत्या झाल्या होत्या. वळणं फार होती, त्याला मास्तर तरी काय करणार?

त्यांच्या धंद्यात एक शब्द होता, "सोडलं". शिकणाऱ्याचा हात जरा बसला, की मास्तर आपला पाय ब्रेकवरून काढायचे आणि म्हणायचे, "सोडलं. आता गाडी तुमची." हा शब्द कानावर पडला की भल्याभल्यांना घाम फुटायचा. पण मग पाठ ताठ व्हायची आणि चेहऱ्यावर तेज यायचं. घरी जाऊन लोक सांगायचे, आज मास्तरांनी सोडलं.

खरी गोष्ट अशी होती, की मास्तर काही सोडत नव्हते. तोंडानं म्हणायचे सोडलं आणि पाय तिथल्या तिथे, ब्रेकला चिकटून. स्कूलच्या गाडीवर कधी ओरखडा आला नाही तो त्यामुळे. यात आपण कुणाला फसवतो असं त्यांना एकदाही वाटलं नाही. त्यांना ते कर्तव्य वाटायचं.

पुढे त्यांनी आपल्या एकुलत्या एक मुलीलाही तसंच शिकवलं. पोरगी धीट होती, चटकन शिकली. "सोडलं" म्हटल्यापासून तर ती हवेतच होती. रोज संध्याकाळी आईला सांगायची, आज चढावर थांबवून पुन्हा काढली, आज बाजारातून नेली. एके दिवशी मैदानात गाडी उभी करताना तिचा पाय ब्रेकवर जायचा राहून गेला, तरीही गाडी भिंतीच्या पुढे अगदी अलगद थांबली. तिनं वाकून डावीकडे बघितलं. मास्तरांचा पाय ब्रेकवर होता.

"म्हणजे इतके दिवस गाडी कोण चालवत होतं?" तिनं विचारलं.

या प्रश्नाला जगात शंभर चांगली उत्तरं होती. मास्तर म्हणाले, "मी सगळ्यांनाच असं करतो."

ती खाली उतरली आणि दार हळूच लावून चालत घरी गेली. दार आपटलं असतं तर मास्तरांना जरा बरं वाटलं असतं.

एका गाडीवर भागलं असतं तर हेही विरलं असतं. पण पुढे तिला पहिली नोकरी लागली. वर्षभरानं तिला कळलं, की मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाबा तिथल्या साहेबांना गुपचूप भेटून आले होते. "तुझं तू बघ आता, मी सोडलं," असं तिला घरी सांगितलं आणि मग टोपी घालून निघाले होते. तिनं राजीनामा दिला आणि बॅग भरली. समुद्रकाठचा रस्ता जिथे संपतो, तिथल्या मासळी बंदरावर ती बर्फाच्या कारखान्याची गाडी चालवायला लागली. चालवायला ती नव्यानं, दुसऱ्याच कुणाकडून शिकली होती, आणि मास्तरांच्या जिव्हारी लागलं ते हे. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. आई फोनवर दोघांचंही ऐकून घ्यायची आणि एकाचं दुसऱ्याला सांगताना त्यातलं निम्मं गाळायची.

मास्तर निवृत्त झाले. डावी सीट दुसऱ्याला मिळाली आणि मास्तर घरात खुर्चीवर बसून राहायला लागले. काही दिवसांनी ते बायकोला म्हणाले, "मला तिला भेटायचंय." एवढं बोलायला त्यांना सकाळपासून दुपार झाली होती.

बायकोनं फोन केला आणि निरोप आणला. या वेळी तिनं काहीही गाळलं नाही. "या म्हणते. पण शिकवायला येऊ नका म्हणते. एक जरी सूचना दिलीत, तर तिथूनच परत पाठवीन म्हणते."

"एकही?"

"एकही."

"तू येतेस ना?"

"मी आले तर तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलाल. एकटेच जा."

म्हणून मास्तरांनी लग्नाआधीची मोटरसायकल पुसून, तेल बदलून बाहेर काढली. शेजाऱ्यांनी ट्रेन सुचवली, बस सुचवली. मास्तर म्हणाले, दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मला बसवत नाही. बायको मागून म्हणाली, ते सगळ्या गावाला माहीत आहे.

रस्ता सुरेख होता. एका बाजूला माडांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मध्ये ऊन. हवा अशी दमट, की शर्ट पाठीला चिकटला तो चिकटलाच. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून मास्तर स्वतःलाच शिकवू लागले, आणि सवयीनं स्वतःला अहो-जाहो करू लागले. "क्लच हळू सोडा. घाई करू नका. आरशात बघा. आता समोर बघा." स्वतःची प्रगती त्यांना बेताचीच वाटली. पहिल्या मुक्कामावरून त्यांनी घरी फोन केला.

"समुद्र कसा आहे?" बायकोनं विचारलं.

"उजव्या हाताला आहे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक ट्रक सकाळपासून त्यांच्या मागे होता. मास्तर त्याला हातानं पुढे जा म्हणून खुणावत होते, पण तो ना पुढे जात होता, ना मागे राहत होता. शेवटी पेट्रोल पंपावर ट्रकवाला खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून मास्तरांच्या समोर उभा राहिला.

"काका, तुमचं नक्की काय ठरलंय? थांबायचंय की जायचंय?"

"जायचंय."

"मग तुमचा मागचा लाल दिवा सकाळपासून का पेटलेलाय? दर वळणाला वाटतं, हे थांबले. मी ब्रेक मारतो, तर तुम्ही आपले चाललायत. माझ्या पायाचे तुकडे पडले."

मास्तरांनी दिवा बिघडला असं म्हणून माफी मागितली आणि गाडी पुढच्या गावातल्या मेकॅनिकपाशी नेली. मेकॅनिकची टपरी म्हणजे एक पत्रा, एक बाकडं आणि टायरांचा ढीग. दिवा ठणठणीत निघाला. मग मेकॅनिकनं मागच्या चाकाला हात लावला आणि लगेच काढला. चाक भाजत होतं. त्यानं ते खोललं, तर ब्रेकचे लायनर झिजून पत्र्याला आले होते.

"पाय कुठे ठेवता?" त्यानं विचारलं.

"पायाच्या जागी," मास्तर जरा गुश्शातच म्हणाले.

"बसून दाखवा."

मास्तर बसले. डावा पाय पायाच्या जागी गेला. उजवा पाय, कुणी न सांगता, ब्रेकवर जाऊन बसला. मेकॅनिक त्या पायाकडे बघत राहिला. मास्तरही पायाकडे बघत राहिले, आणि तो काही त्यांचा नव्हेच अशा चेहऱ्यानं बघत राहिले.

"घरापासून असेच आलात?"

"हो."

"कमाल आहे गाडीची," मेकॅनिक म्हणाला आणि नवीन लायनर शोधायला आत गेला.

दुपारनंतर मास्तर निघाले ते पाय उचलून. दर थोड्या वेळानं पाय पुन्हा तिकडे सरकायचा आणि मास्तर त्याच्यावर खेकसायचे, "पाय काढा. अहो, पाय काढा म्हणतोय ना!" पण पाय काढला की गाडी अशी काही पळायची, की ज्याचं नाव ते. सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं, गाडीचं वय झालं, आता तिच्यानं होत नाही. गाडीला काही धाड भरली नव्हती. मास्तरांना मुलीची आठवण आली आणि लाज वाटली, दोन्ही एकदमच. त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, चष्मा पुसला आणि उगाचच हवा भरपूर असलेलं चाक दाबून बघितलं. जवळपास कुणी नव्हतं, पण चष्मा पुसायला काहीतरी कारण असलेलं बरं.

बंदराच्या गावात ते सकाळी पोचले. बर्फाचा कारखाना चढावर होता. दारात एक छोटा टेम्पो उभा होता. मागच्या हौद्यात बर्फाच्या लाद्या भरून झाल्या होत्या आणि खालून पाणी गळत होतं. मुलगी ताडपत्रीचा दोर बांधत होती. ती उन्हानं काळवंडली होती, दंड भरले होते. दोराची गाठ मास्तरांनी मारली असती तशी ती मारत नव्हती. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो."

"जेवलात वगैरे नंतर विचारते. बर्फ वितळतोय. बसा."

मास्तर सवयीनं डाव्या बाजूला जाऊन बसले. उभं आयुष्य काढलेली ती सीट. पायाशी बघतात तर बर्फाच्या पाण्यानं ओलं झालेलं नुसतं रबरी मॅट. ना ब्रेक, ना क्लच. त्यांना एकदम पायरी चुकल्यासारखं झालं.

टेम्पो उतारावरून बंदराकडे निघाला. उतार सरळसोट होता आणि खाली थेट धक्का, त्यापुढे पाणी. रस्त्यात जाळी, टोपल्या, मांजरं, माणसं, सायकली, सगळं होतं. मुलगी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं हॉर्न देत होती. मास्तरांचा पाय मॅटवर दाबला गेला. मग पुन्हा दाबला गेला. बुटाखालून पाण्याचा पचक पचक आवाज यायला लागला. मुलीनं तो ऐकला. तिच्या जबड्याची शीर ताठ झालेली मास्तरांना दिसली. ती शीर त्यांच्याच घराण्यातली होती.

आता ही आपल्याला उतरवणार, मास्तरांच्या मनात आलं. तोंडानं काही बोललो नाही हे खरं, पण पाय सगळं बोलून गेला.

तेव्हा मास्तरांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट मॅटवर नीट जोडून ठेवले. मग त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. डोकं टपाला लागत होतं, ते तिरकं केलं, आणि हात मांडीत ठेवून बसले.

त्याच वेळी डावीकडच्या बोळातून टोपल्यांनी भरलेली हातगाडी रस्त्यात आली. ती ढकलणाऱ्या माणसाला टोपल्यांमुळे काहीच दिसत नव्हतं. मास्तरांनी मांडीतला उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. टेम्पो हातगाडीच्या अलीकडे थांबला. अगदी अलगद थांबला. मागे बर्फाची एक लादीसुद्धा हलली नाही.

हातगाडी सावकाश आडवी जात राहिली. मुलीनं मान वळवून बघितलं, तर शेजारी बाप देवळातल्यासारखा मांडी घालून बसलेला.

"पाय दुखतायत का, बाबा?"

"नाही," मास्तर म्हणाले. "सोडलं."

तो शब्द तिनं बऱ्याच वर्षांनी ऐकला. तिनं वाकून डावीकडे खाली बघितलं, त्या दिवशी मैदानात बघितलं होतं तसंच. मॅटवर बूट होते. बुटांत पाय नव्हते. ती तिथेच बघत राहिली. हातगाडी केव्हाच निघून गेली होती, मागे कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं होतं, आणि ती बुटांकडेच बघत होती.

मास्तरांनी फार आवरलं. पण जन्माची सवय.

"समोर बघ," ते म्हणाले, आणि बोलल्या बोलल्या त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हळूच एक बूट उचलून हातात घेतला. उतरायची वेळ आली तर उगाच उशीर नको.

मुलीनं बाहीनं डोळे पुसले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"बघतेय, बाबा," ती म्हणाली. "ठेवा तो बूट खाली."