सुटलेल्या प्रश्नांची यादी

आमच्या उपकेंद्रात एक वही असते. ज्या बाळांचा लसीचा डोस ठरल्या दिवशी झाला नाही त्यांची नावं तिच्यात जातात. कारण काहीही असो: ताप होता, आई माहेरी गेली होती, आजी नको म्हणाली. पुढच्या सत्राच्या आधी आशाताई त्या घरी जाऊन सांगून येते, आणि तरीही बाळ आलं नाही तर मी जाते. वीस वर्षं मी आरोग्यसेविका आहे आणि माझा या वहीवर जेवढा विश्वास आहे तेवढा दुसऱ्या कशावर नाही. ज्यांचं झालं त्यांची यादी वर पाठवायला लागते. काम चालतं ते सुटलेल्यांच्या यादीवर.

हीच पद्धत मी घरी आणली, नवऱ्याच्या अभ्यासासाठी.

आम्ही पिंपळगाव राजात राहतो. नवरा शिकवण्या घेतो आणि दुपारी विहारातल्या अभ्यासिकेत बसतो. तिथली मुलं त्यांना सर म्हणतात. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघं आज अधिकारी आहेत, गाडीतून उतरून पाया पडतात. ते स्वतः मात्र राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतून दोनदा पार झाले आणि मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा थांबले. बाकीच्या वर्षी पूर्वपरीक्षेतच गेले, आणि प्रत्येक वेळी चालू घडामोडींनी मारलं. इतिहास, राज्यघटना, भूगोल झोपेत विचारा. पण या महिन्यात कोणती समिती नेमली, तिचा अध्यक्ष कोण, कोणता निर्देशांक कोणती संस्था काढते, हे त्यांच्या डोक्यात टिकत नसे. ते म्हणायचे, "इतिहास एका जागी बसून राह्यते, मी त्याच्याजवळ जातो. हे सारं रोज पयते."

मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षाअखेर त्यांचं वय आमच्या प्रवर्गाच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे ती शेवटची परीक्षा होती. त्यानंतर अर्जच भरता येणार नव्हता.

पद्धत अशी होती. सकाळी खामगावच्या पहिल्या गाडीने पेपर यायचा. मी चहा होईपर्यंत तो वाचून दहा प्रश्न काढायची. दोनशे पानी रजिस्टर, डावीकडे प्रश्न आणि चार पर्याय, उजवीकडे उत्तर. भाकरी थापता थापता विचारायची. ते पाटावर बसून उत्तरं द्यायचे. चुकलेला प्रश्न रजिस्टरच्या मागच्या बाजूला जायचा. तो तिसऱ्या दिवशी परत, मग दहाव्या दिवशी, मग महिन्याने. तीनदा लागोपाठ बरोबर आला की खोडायचा. आपल्या लोणारचा प्रश्न आला की घरात सगळ्यांना उत्तर येई, त्याचा काही उपयोग नव्हता.

सासूबाई चुलीजवळ शेकत बसलेल्या असायच्या. त्यांना लिहितावाचता येत नाही, पण ऐकून ऐकून त्यांनी एक गोष्ट हेरली होती. चौथा पर्याय 'वरीलपैकी सर्व' असला की पुष्कळदा तोच बरोबर निघतो. म्हणून प्रश्न अर्धा झाला की त्या मध्येच बोलायच्या, "वरले सगळे सांग ना बे. सगळेच बरोबर असतेत."

"आई, जोड्या लावा आहे हे. याच्यात वरले सगळे नसते."

"मंग लाव जोड्या. लगन तं एकच लावलं म्या तुयं, बाकीच्या जोड्या तुलेच लावा लागतीन."

आम्ही हसायचो. चुकलेल्यांची यादी वाढत होती तरी हसायचो.

मग परीक्षा पुढे ढकलली. दोनदा. परीक्षा पुढे गेली की इतर विषयांना उलट जास्त वेळ मिळतो. चालू घडामोडींचं तसं नाही. त्यात साधारण मागचं एक वर्ष विचारतात, आणि परीक्षा सरकली की ते वर्षही सरकतं. पाठ केलेले पहिले महिने वाया जातात आणि नवे महिने डोक्यावर बसतात. मी दोन्ही वेळा रजिस्टर घेऊन बसले, जुने प्रश्न काढले, नवे घातले. मला त्याचं काही वाटलं नाही, कामच ते. त्यांना वाटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी नुसतं विचारलं, "म्हंजे उन्हाळ्यातलं सारं गेलं?" मी हो म्हणाले.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी दहापैकी तीन आले. चुकलेल्या सातांतले पाच प्रश्न मागच्या यादीतले होते, म्हणजे आधी चुकलेलेच पुन्हा चुकले. निर्देशांकाच्या दोन संस्थांची त्यांनी नेहमीसारखी अदलाबदल केली. मी "चूक" म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला.

"माया डोस्क्यात आता काहीच राह्यत नाही," ते म्हणाले. "चाळणी झाली. तू कायले जीव काढून राह्यली?"

भाकरी न खाता ते उठले. त्या दिवशी शिकवणीलाही गेले नाहीत. दुपारी मी जेवायला घरी आले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. सासूबाई दारात बसून मला खुणेने म्हणाल्या, बोलू नको.

उपकेंद्रात परत जाऊन मी रिकामं टेबल बघून घरून आणलेलं रजिस्टर उघडलं. मागची बाजू भरत आली होती. मी ठरवलं, आठ दिवस ही बाजू बंद. फक्त नवे प्रश्न, त्यातही त्यांना येतील असे. माणूस जरा उभा राहिला की पुन्हा सुरू करू. भरलेल्या पानांना पिन मारली.

दुसऱ्या दिवशी आठ आले. तिसऱ्या दिवशी नऊ. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

आठ दिवस झाले, मी पिन काढली नाही. महिना झाला. चुकलेला प्रश्न मी मागच्या बाजूला लिहीत राहिले, पण पुन्हा विचारला नाही. ते सकाळी दाढी करून पाटावर बसायला लागले. अभ्यासिकेतल्या मुलांना सांगायचे, घरी नऊच्या खाली येत नाही म्हणून. एकदा मुलांनी तिथे कुठलीशी सराव चाचणी ठेवली होती. ते म्हणाले, "मी नाही बसत, पोट्ट्यांना वाटन सर दाखवाले बसले." मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते. बाहेरची चाचणी दिली असती तर खरा आकडा निघाला असता.

एवढे हलके महिने आमच्या घरात त्याआधी आलेले नव्हते.

त्याच महिन्यांत एका सत्राला एक आई बाळ घेऊन आली नाही. मी घरी गेले. मागच्या डोसनंतर लेकराला ताप आला, रात्रभर रडलं, म्हणून तिने ते शेजारच्या खोलीत लपवलं होतं. मी तिला बोलले, "तुया मायेनं लेकराचं नुकसान होऊन राह्यलं बाई. आज रडन तं उद्या वाचन." तिने मान खाली घालून बाळ आणून दिलं. हे बोलताना मला घरचं काहीएक आठवलं नाही.

परीक्षेचं केंद्र बुलढाण्याला आलं. मी रजा टाकून सोबत गेले. शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली इतर मुलांचे आईवडील बसले होते. एका बाईने विचारलं, "तुमचा पोरगा हाय का पोरगी?" मी म्हणाले, नवरा. तिने सरकून जागा दिली.

पहिला पेपर सुटल्यावर ते बाहेर आले, डबा खाल्ला, पाणी प्यायले. मी विचारलं नाही. पेपरच्या मध्ये विचारू नये, हा आमचा नियम होता. दुसरा पेपर झाला. परतीची गाडी बोथ्याच्या घाटात शिरली तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "तीन प्रश्न आपल्या घरचे होते."

"मंग चांगलं झालं ना."

"तिन्ही मी आधी चुकलो होतो. ते निर्देशांकाचे दोन. अन् ते पाणथळ जागेचं, कोन्त्या राज्यात हाय ते. हॉलमंधी मले तुया आवाज आयकू आला, तू भाकर थापता थापता इचारत होती. उत्तर नाही आठवलं." मग माझ्याकडे वळले. "तू मले परत काऊन नाही इचारले ते?"

"राहून गेलं असन."

"तुयाकडून राहून जात नाही."

गाडी वळणावर हळू झाली होती. मी सांगितलं. पिनेपासून सगळं सांगितलं.

"म्हंजे ते नऊ नऊ..."

"हाव."

"साऱ्या महिन्यांचे?"

"संक्रांतीनंतरचे सगळे."

त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. रागावले असते तर मी उत्तर देऊ शकले असते, माझ्याजवळ उत्तर होतं. घाट उतरल्यावर ते फक्त म्हणाले, "आईले नको सांगू."

निकाल लागला. त्यांचं नाव नव्हतं. गुण आले, कटऑफ आला, आणि मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला, कारण तो केल्याशिवाय मला दुसरं काम सुचलं नसतं. एका प्रश्नाला दोन गुण, चुकला की अर्धा आणखी जातो. तीन चुकलेल्या प्रश्नांचे साडेसात. ते पाच गुणांनी राहिले होते. त्या तीनपैकी दोन बरोबर आले असते तरी पुरलं असतं. मी तो कागद फाडला, पण आकडा डोक्यात राहतो. कदाचित मी रोज विचारले असते तरी ते चुकलेच असते. कदाचित मार्चमध्येच त्यांनी अभ्यास सोडला असता. हे 'कदाचित' मी मला स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. उपकेंद्रातल्या वहीत मी असलं कारण कुणाचं ऐकून घेतलेलं नाही.

वर्ष संपलं आणि वय निघून गेलं. त्यांनी अभ्यासिकेत जाणं बंद केलं. मुलं दोनदा बोलवायला आली, दोन्ही वेळा सासूबाईंनी सांगितलं, झोपला हाय. शिकवण्या चालू ठेवल्या, तेवढ्याच. सकाळी पाटावर कोणी बसत नव्हतं. पेपर मी कामावरून आल्यावर घडी न मोडता रद्दीत टाकायची.

मग एक दिवस ते रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात आले. पिन त्यांनीच काढली होती. मागची बाजू उघडून माझ्यासमोर ठेवली.

"हे इचार."

"आता कायले?"

"इचार म्हनलं ना."

मी मोजले, दोनशे अकरा होते. रोज दहा विचारायला लागले. पुष्कळ प्रश्न शिळे झाले होते. कुठल्या तरी मंडळाचा अध्यक्ष विचारला तर ते थांबून म्हणायचे, "तवाचा सांगू का आताचा?" मी म्हणायची, तवाचा. सासूबाई बघत राहायच्या. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, परीक्षा तं झाली ना त्याची? मंग तू काय इचारत राह्यती त्याले?" मी भाजी निवडत राहिले.

त्यांना ती उत्तरं येत होती, असं नाही. काही पाचव्या वेळीही चुकत होती. ते न चिडता ऐकून घ्यायचे आणि पुढचा प्रश्न मागायचे. मला वाटत होतं की यादी संपली की हे थांबेल, काहीतरी सुटल्यासारखं होईल. शेवटचा प्रश्न खोडला तो दिवस मी कॅलेंडरवर लिहिला नाही. न लिहिलेली अशी माझी ती एकच तारीख असेल.

दुसऱ्या दिवशी ते पाटावर येऊन बसले.

"संपले," मी म्हणाले.

"मंग आजचे काढ."

त्यांना कुठलीही परीक्षा द्यायची नव्हती. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी पीठ बाजूला ठेवून हात धुतले आणि पेपर उघडला. दहा प्रश्न काढले, जसे पेपरमध्ये होते तसे, सोपे न शोधता. चार बरोबर आले. मी चारच सांगितले.